एका बागेचे पाच पंचनामे : नाशिक जिल्ह्यातल्या माहिती गोळा करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील महसूल, कृषी, सहकार आणि पणन खात्यांचे अधिकारी, फळपीक विम्याचं काम पाहणाऱ्या कंपन्या, बँका आणि विकास सोसायट्या, बाजार समित्या, द्राक्ष निर्यातदार, आणि आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक

विषय : एकमेकांना माहिती देण्याबाबत आणि दिलेली माहिती दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

निफाड तालुक्यातल्या एका लहान शेतकरी उत्पादक कंपनीत मी नोंदी ठेवायचं काम करतो. पगारपत्रकावर 'डेटा ऑपरेटर' असं लिहिलेलं आहे, सभासद 'कॉम्प्युटरवाले भाऊ' म्हणतात आणि घरचे म्हणतात, दिवसभर रकाने भरतो. तिन्ही खरं आहे. छाटणीची तारीख, फवारणीचं औषध, घडांची संख्या, सातबारा, आधार, पासबुक, माती-पाण्याचे अहवाल हे सगळं माझ्या टेबलावरून पुढं जातं. तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाला मी कधी ना कधी एखादी एक्सेल फाइल पाठवलेली आहे. म्हणजे आपली ओळख आहे, फक्त एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

पत्र लिहायचं कारण जुनं आहे. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्या दिवशी निफाड, दिंडोरी, चांदवडकडे गारा पडल्या ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या गावात पोरं गारा वेचून बादलीत भरत होती आणि मोठी माणसं बागेत शिरायला धजत नव्हती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेल्या बागा पन्नास दिवसांच्या झाल्या होत्या, फुलोरा संपून मणी धरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीत उभं राहिलं तर पायाखाली हिरव्या मण्यांचा सडा आणि वर नुसता देठांचा सांगाडा.

पुढच्या दहा-बारा दिवसांत आमच्या एका सभासदाच्या दोन एकर बागेत पाच वेगवेगळ्या माणसांनी नुकसान मोजलं. चार वेळा मी बघायला हजर होतो, पाचव्या वेळी मीच मोजत होतो.

आधी भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, आणि कृषी सहायक आले. (दोघांचीही पदनामं आता बदलली आहेत, गावात अजून कुणाला ती पाठ नाहीत.) त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली. वर असेल तर बाग बाधित, खाली असेल तर सरकारी मदतीच्या हिशेबात ती बाग गारपिटीत सापडलीच नाही. त्यांनी लिहिलं, बाधित क्षेत्र ०.८० हेक्टर. मग विमा कंपनीनं पाठवलेला एक मुलगा आला. बी.एस्सी. ॲग्री झालेला, हुशार, दिवसभर उपाशी. त्यानं मोबाइलमधल्या ॲपवर जागेसकट फोटो काढले, चार ओळी धरल्या आणि ४५ टक्के लिहिलं. सोसायटीचे सचिव आले त्यांना बागेशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना वसुलीचं बघायचं होतं. कर्ज सगळ्या गटावर, म्हणून त्यांनी १.६० हेक्टर लिहिलं, ज्यात निम्म्या वावरात तर तेव्हा कांद्याचं रोप होतं. निर्यातदाराचा फील्ड ऑफिसर घड हातात घेऊन एकेक मणी फिरवून बघत होता. मार लागलेला मणी पुढं कुजतो, आणि एका कुजक्या मण्यानं पेटी बाद होते. त्याच्या वहीत ८० टक्के माल एक्स्पोर्टच्या यादीतून गेला. मी मोजल्या त्या मोडलेल्या काड्या आणि ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या मुख्य फांदीवरच्या, जखमा, कारण आमच्या कंपनीला चिंता पुढच्या हंगामाची होती.

पाचही आकडे बरोबर होते. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, कुणी पैसे खाल्ले नव्हते. प्रत्येकानं 'नुकसान' या शब्दाखाली आपापल्या कामाची गोष्ट मोजली होती.

गडबड पुढं झाली. मार्च संपता संपता त्या सभासदाला एका कार्यालयातून निरोप आला की त्यांचं प्रकरण थांबलंय, 'माहितीत तफावत' आहे. कुठंतरी कुणीतरी या पाचांपैकी तीन आकडे एका फाइलीत शेजारी शेजारी ठेवले होते. ०.८०, ४५ आणि १.६०. आकडे आले, पण त्यांच्याबरोबर कोणी मोजलं, कधी मोजलं, काय मोजलं यातलं काहीच आलं नाही. मग टेबलामागं बसलेल्या माणसानं जे कुणीही केलं असतं तेच केलं, शेरा मारला आणि फाइल बाजूला ठेवली. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. किंबहुना केलेलं आहे.

गेली काही वर्षं सगळ्या बैठकांत एकच ऐकतोय. सगळ्या संस्थांनी डेटा शेअर करायला हवा, एक प्लॅटफॉर्म हवा, एक डॅशबोर्ड हवा. मी ते करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून सांगतो. फाइल पाठवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. एक बटण आहे. अवघड आहे ते आधीचं आणि नंतरचं.

आधीचं म्हणजे काय ते जरा जवळून दाखवतो.

आमचे नऊ सभासद ज्ञानेश्वर नावाचे आहेत. नाशिकची बँक हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहिते, कारण आपण 'द्न्य' म्हणतो. हिंदी मुलखात बनलेलं सॉफ्टवेअर सातबाऱ्यावरचं देवनागरी नाव आपोआप इंग्रजीत करतं तेव्हा ते जी-वाय-ए असं होतं, कारण तिकडं 'ग्य' म्हणतात. माणूस तोच, ज्ञ तोच, पण दोन यंत्रांच्या मते ही दोन माणसं. अनुदान एकाच्या नावानं मंजूर, खातं दुसऱ्याच्या नावानं. नऊपैकी चार जणांच्या मागं हे लचांड लागलं आहे आणि त्यातले एक जण आता सरळ म्हणतात, "मला माउलीच म्हणा, निदान तक्रार तरी एकच राहील."

गावाच्या नावाचं तसंच. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे, पिंपळगाव वाखारी आहे. फाइलमध्ये नुसतं 'पिंपळगाव' येतं. लिहिणाऱ्याला आपलं पिंपळगाव पक्कं माहीत असतं, त्याला वाटतं वाचणाऱ्यालाही असेल. गावांना सरकारी सांकेतांक आहेत, ते वापरले तर हा प्रश्नच उरत नाही. पण सांकेतांकाचा रकाना कुणी मागतच नाही, आणि मागितला तर आम्ही रिकामा सोडतो.

क्षेत्राचं तर विचारू नका. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणं एकर-गुंठ्यात. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पण ०.४० असा आकडा 'एकर' लिहिलेल्या रकान्यात पडला की एका एकराची बाग सोळा गुंठ्यांची होते. वर पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन, धरायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. आणि सामाईक खात्याची गोष्ट कुठल्याच फॉर्मात बसत नाही. सातबाऱ्यावर पाच भावांची नावं, वाटणी तोंडी झालेली, बाग धाकट्याची, कर्ज मोठ्याच्या नावावर, आणि छाटणीपासून डिपिंगपर्यंत (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्यापर्यंत) बाग सांभाळते धाकट्याची बायको, जिचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. तिला कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं ते तारखेसकट सांगता येतं. आम्ही माहिती घेतो तिच्याकडून आणि लिहितो तिच्या दिराच्या नावानं.

तारखेनं तर एकदा आमची फजिती केली. आम्ही लिहिलं ०५-१०, म्हणजे पाच ऑक्टोबर, गोडी छाटणी, फळासाठी करतात ती. समोरच्या कॉम्प्युटरची तारीख महिना-आधी पद्धतीची होती, त्यानं वाचलं दहा मे. त्यांच्या सिस्टीमनं आम्हाला कळवलं की सदर बागेचं वय छाटणीपासून दोनशेहून अधिक दिवस असून काढणी लांबली आहे, तरी खुलासा करावा. बागेत तेव्हा मणी हरभऱ्याएवढे होते.

आणि एक्सेल. या जिल्ह्यातली निम्मी शेती एक्सेलवर चालते म्हटलं तर वावगं ठरू नये, पण एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडची संख्या लक्षात ठेवत नाही. सोळा आकडी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाकला की शेवटचा आकडा मुकाट्यानं शून्य होतो. काही लाल होत नाही, घंटी वाजत नाही. आम्हाला हे कळलं तेव्हा एकोणीस सभासदांचे क्रमांक शून्यावर संपत होते. तेव्हापासून मी खाते क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करतो, पण ती फाइल पुढं ज्याच्याकडं जाते तो उघडून परत सेव्ह करतो तेव्हा काय होतं हे माझ्या हातात नाही. त्यात बँकांची विलीनीकरणं. २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, मागाहून शाखांचे आयएफएससी बदलले. माणसानं काही केलं नाही, तो त्याच शाखेत त्याच बाकावर बसला होता, तरी त्याची माहिती जुनी झाली.

आता नंतरचं, आणि माझं खरं म्हणणं इथंच आहे.

चुका होणारच. मी करतो, तुम्ही करता. प्रश्न हा आहे की चूक सापडल्यावर ती दुरुस्ती कुठपर्यंत जाते. मी एक यादी चार ठिकाणी पाठवतो. ते चौघं ती आणखी पुढं पाठवतात. सहा महिन्यांनी एक सभासद येऊन सांगतो की त्याचा गट नंबर चुकलाय. मी माझ्या फाइलमध्ये दुरुस्त करतो. बस, तिथंच ती दुरुस्ती संपते. उरलेल्या ठिकाणी जुनाच नंबर राहतो, आणि पुढच्या वर्षी त्यातलंच एखादं ठिकाण मला 'अद्ययावत यादी' म्हणून तोच चुकीचा नंबर परत पाठवतं. एकदा तर आमचं दुरुस्त केलेलं नाव त्या यादीनं पुन्हा बिघडवलं. पाटाचं पाणी खाली जातं, वर चढत नाही, तसं माहितीचं झालंय. खाली पोचवायला सगळे तयार, उलट कळवायची सोय कुणीच केलेली नाही.

आणि मग दुरुस्तीची वरात निघते ती शेतकऱ्याच्या मोटरसायकलवर. सोसायटी निफाडला, बँक पिंपळगावला, एक कार्यालय नाशिकला. प्रत्येक ठिकाणी तेच आधार, तोच सातबारा, त्याच झेरॉक्स. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, "आमच्याकडे वरून असंच आलंय." हे 'वर' कुठं आहे ते मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही.

हे जमतच नाही असं मात्र नाही. द्राक्षाच्याच धंद्यात जमलेलं आहे. 'अपेडा'नं, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, २००६ मध्ये ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. युरोपला जाणाऱ्या बागेची नोंदणी कृषी खात्याकडे, औषधांचे उर्वरित अंश तपासणारी प्रयोगशाळा, पॅकहाउस, ॲगमार्क, शेवटचं फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र हे सगळे एकाच नोंदणी क्रमांकावर बोलतात. परदेशात एखाद्या पेटीत काही सापडलं तर ती कोणत्या बागेतून निघाली ते शोधता येतं. एवढ्या वेगवेगळ्या खात्यांना एका क्रमांकावर आणणं सोपं नव्हतं. ते झालं, कारण त्याशिवाय कंटेनर हलत नाही. प्रत्येकाचा पाय त्यात अडकलेला आहे.

पण त्याच ग्रेपनेटच्या काळात २०१० उजाडलं. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर पेरं आखूड राहावीत म्हणून आमच्याकडे ते वर्षानुवर्षं मारलं जायचं, चोरून नव्हे. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडं ज्या औषधांसाठी माल तपासला जायचा त्या यादीत ते नव्हतंच. म्हणजे अहवाल स्वच्छ, प्रमाणपत्र बरोबर, क्रमांक जुळलेले, आणि माल तिकडं नाकारलेला. कितीतरी निर्यातदार त्या वर्षी बसले, शेतकऱ्यांचे पैसे अडकले. सीसीसी वापरतात हे शेतकऱ्याला माहीत होतं, औषध दुकानदाराला माहीत होतं, फवारणी डायरी ज्यांनी पाहिली त्यांना माहीत होतं. मर्यादा किती ते युरोपच्या कायद्यात छापलेलं होतं. दोन्ही गोष्टी उजेडात होत्या, पण ज्या टेबलावर त्या शेजारी शेजारी ठेवायला हव्या होत्या ते टेबल नव्हतं. नंतर यादी वाढवली गेली. मला मात्र अजून वाटतं की तेव्हा शेतकऱ्याकडून वर जाणारा एक रकाना असता, 'तुम्ही याव्यतिरिक्त काय मारता?' एवढाच, तर बरंच वाचलं असतं.

नाशिककरांना एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा ऐकून भांडीबाजारातल्या दुकानदाराला फारसा बोध होत नाही. पण गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की तो माल वरच्या फळीवर ठेवायला लागतो. छातीला लागलं म्हटलं की शटर ओढतो. जलसंपदावाले, महापालिकावाले, पोलिस, पेपरवाले, पानवाला, सगळे एकाच मारुतीकडे बघून बोलतात. तो जागचा हलत नाही, सगळ्यांना दिसतो, त्याच्यावर कुणाची मालकी नाही आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बागांना असा मारुती नाही.

शेतकरी ओळख क्रमांक तो मारुती होईल असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो सक्तीचा झाला, आम्ही रांगा लावून सगळ्यांचे काढून दिले. चांगलं आहे, मी विरोधात नाही. पण क्रमांक सातबाऱ्यावरच्या माणसाला मिळतो, बागेला नाही. एकाच माणसाच्या तीन बागा, तीन छाटण्या, तीन जाती, एक थॉमसन, एक सोनाका, एक शरद. गारा पडल्या एकीवर. माणूस एका क्रमांकावर आला म्हणून बाग येत नाही. आणि वर सांगितलेली धाकट्याची बायको तिथंही नाही.

आता आमचीच बाजू सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल.

दोन हंगामांपूर्वी एका व्यापाऱ्यानं आमच्या तीन सभासदांचा माल शिवार सौद्यानं, म्हणजे बागेतच भाव ठरवून, घेतला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख. तिसरीला चेक. चेक वटला नाही, फोन बंद, गाळा रिकामा. हे आमच्याकडे नवीन नाही. चौकशी केल्यावर कळलं की बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका उत्पादक कंपनीच्या सभासदांना त्यानंच वर्षभर आधी फसवलं होतं, तेव्हा फर्मचं नाव वेगळं होतं. तिथं माझ्यासारखंच काम करणाऱ्या पोराला मी विचारलं, "अरे, सांगायचं ना." तो म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं का? आणि सांगितलं असतं अन् त्यानं अब्रुनुकसानीची नोटीस धाडली असती, तर ती तुमच्या कंपनीनं घेतली असती का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याकडेही अशी एक यादी आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, वहीत, हातानं लिहिलेली. संचालक मंडळात ठराव घेतला तेव्हा ती बाहेर द्यायची नाही असं ठरलं. एकाला भीती नोटिशीची, दुसऱ्याला भीती ही की यादीबरोबर आमचे भावही बाहेर जातील, तिसरे म्हणाले, "त्यांनी आपल्याला कुठं सांगितलं होतं?" म्हणजे दरवर्षी त्याच माणसानं वेगळ्या तालुक्यात वेगळ्या पाटीखाली बसायचं आणि आपण आपापल्या वह्या कुलपात ठेवायच्या. बाजार समित्यांनी आणि पोलिसांनी एक पत्र काढून सांगितलं की न वटलेल्या चेकची नोंद अमुक एका ठिकाणी द्या, ती देणाऱ्यावर बालंट येणार नाही, तर माझी वही उद्या सकाळी तिथं असेल. त्यात तंत्रज्ञान शून्य लागतं.

आणि माहिती न देण्यामागं प्रत्येक वेळी चिंगूसपणाच असतो असंही नाही. एका कंपनीनं आम्हाला फुकट ॲप दिलं होतं. छाटणीची तारीख टाका, पुढचं वेळापत्रक मिळेल. आम्ही सव्वादोनशे बागांच्या तारखा टाकल्या. महिनाभरात सभासदांना फोन सुरू झाले. कुणाला डावणी या बुरशीजन्य रोगाचं औषध, कुणाला जीए हे मणी फुगवायचं संजीवक, आणि प्रत्येक फोन नेमका त्या बागेच्या त्या दिवसाला. एक सभासद म्हणाले, "भाऊ, माझ्या बायकोला माहीत नाही आज बाग किती दिवसांची, या पुण्याच्या पोरीला कसं माहीत?" मी काय सांगणार. बोट माझंच होतं. त्यानंतर सहा महिने लोकांनी मला छाटणीची खरी तारीख सांगितली नाही, दोन-चार दिवस मागंपुढं करून सांगायचे. माझी निर्यातीची नोंद त्यामुळे बिघडली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला, त्यात संमतीची आणि कारणाची गोष्ट आहे. पण आमच्याकडे संमती म्हणजे फॉर्मच्या शेवटी अंगठ्याची जागा, आणि तिथं अंगठा उठतो तेव्हा वरचा मजकूर कुणी वाचून दाखवत नाही. मीही दाखवला नव्हता.

हवामान केंद्रांबद्दल थोडंच लिहितो. विम्यासाठी महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र धरतात. आमच्या गावात त्याशिवाय शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून बसवलेली तीन खासगी यंत्रं आहेत. पाऊस, तापमान, पानावरचा ओलावा, सगळं मोजतात. यंत्र शेतकऱ्याचं, वावर शेतकऱ्याचं, पण कच्चा आकडा त्याच्या हातात येत नाही, कंपनीच्या ॲपमध्ये नुसता रंगीत इशारा येतो. तिन्ही यंत्रांचा ओलावा एकत्र बघता आला असता तर डावणीचा अंदाज सगळ्या शिवाराला मिळाला असता, यंत्र नसलेल्यालाही. तिघं शेजारी एकमेकांना तोंडी विचारतात, "तुझ्याकडं लाल आलं का?" तीच आमची डेटा शेअरिंगची व्यवस्था.

तर मागणं काय. प्लॅटफॉर्म मागत नाही, ॲप तर नकोच, आधीची सात मोबाइलमध्ये पडून आहेत.

आकडा पाठवाल तेव्हा त्याच्या शेजारी तीन गोष्टी पाठवा. कुणी मोजला, कोणत्या दिवशी, आणि काय मोजलं. '४५ टक्के' नको, '४५ टक्के घडांना मार' असं हवं. क्षेत्र लिहाल तर एकर की हेक्टर ते रकान्याच्या नावातच असू द्या, आणि तारखेचा महिना अक्षरात लिहा. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

दुसरं, प्रत्येक यादीबरोबर एक नाव आणि एक फोन असू द्या, चूक सापडली तर कुणाला कळवायचं त्याचा. 'आमच्याकडे वरून असंच आलंय' म्हणणाऱ्यानं ज्याच्याकडून आलं त्याला स्वतः कळवायचं, शेतकऱ्याला झेरॉक्स घेऊन पाठवायचं नाही. ज्यानं माहिती पुढं दिली त्यानंच दुरुस्तीही पुढं द्यायची, हा नियम आपण सगळ्यांनी मान्य केला तर निम्मे हेलपाटे वाचतील. आमची कंपनी हे आधी करायला तयार आहे. आम्ही कुणाकुणाला काय दिलं त्याची वही एक एप्रिलपासून ठेवली आहे, कार्यालयात खुंटीला टांगलेली आहे, कोणताही सभासद येऊन आपल्या नावापुढं बघू शकतो. पहिल्याच आठवड्यात दोघं येऊन म्हणाले, अमक्याला देऊ नका. नाही दिली.

तिसरं जरा अवघड आहे. सगळंच सगळ्यांना देऊ नका. थकबाकीचा आकडा औषधवाल्याला कशाला हवा? फवारणी डायरी प्रयोगशाळेला हवी, निर्यातदाराला हवी, पण ती भाव पाडायला वापरली जाणार असेल तर शेतकरी पुढच्या वेळी खोटी डायरी देईल आणि मग पुन्हा एखाद्या २०१० ला आपण सगळे मिळून तोंडावर पडू. कशासाठी घेतलं तेवढ्यासाठीच वापरलं, एवढा भरवसा आला की लोक आपणहून खरं सांगतात. अशी माणसं मी बघितली आहेत. फवारणीत चूक झाली तर रात्री नऊला फोन करून सांगतात.

येत्या सप्टेंबरात आगाप, म्हणजे लवकरच्या, छाटण्या सुरू होतील. त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, तुमच्यापैकी प्रत्येकाकडून एक माणूस अर्ध्या दिवसासाठी आमच्याकडे पाठवा. साहेब नको, जो प्रत्यक्ष रकाने भरतो तो पाठवा. आपापला कोरा फॉर्म घेऊन यायचं. मी एक बाग ठरवतो, पाचही जण एकत्र ती मोजू आणि आपापले आकडे एका फळ्यावर लिहू. जेवण आमच्याकडे, शेवभाजी आणि बाजरीची भाकरी.

ते जी-वाय-एवाले सभासद अजून दोन ठिकाणी तसेच आहेत. त्यांचे दुरुस्ती अर्ज, पोचपावत्यांसह, माझ्याकडे आहेत. त्या दोन कार्यालयांनी हे वाचलं तर त्यांना कळेलच कुणाबद्दल लिहिलंय. सोमवार सोडून कधीही फोन करा, सोमवारी मी मोटरसायकलवर असतो.

कळावे,
आपला,
नोंदी ठेवणारा एक जण
निफाड तालुका, जिल्हा नाशिक